आईचं ताट आणि लेकराच्या धमन्या



मी विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकांनी चाचरत फोन केला. म्हणाले, "डॉक्टर, गरोदर बायकांचा आहार म्हणजे... आपला श्रोता साठीच्या पुढचा असतो. दुसरं काही बघता का?" मी म्हटलं, साठीच्या पुढचाच श्रोता हवा. गर्भारपणात आईनं काय खाल्लं याचा हिशोब शरीर पन्नाशी-साठीत मागतं. आत्ता या सभागृहातल्या निम्म्या खिशांत आणि पर्समध्ये बीपीची गोळी असेल. आजचा विषय त्या गोळीचा आहे.

ज्या डॉक्टरबाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हातून झालेली काही बाळंतपणं आज समोर खुर्चीत बसली असतील. तुमच्यापैकी किती जणांना स्वतःचं जन्माच्या वेळचं वजन माहीत आहे? जन्मरास सगळ्यांना ठाऊक, पत्रिका कपाटात जपून ठेवलेली. वजन मात्र कोणी सांगू शकणार नाही. बीपीचा रुग्ण आला की आम्हीही ठरलेले प्रश्न विचारतो. मीठ किती, तंबाखू आहे का, चालता का, घरात कोणाला आहे का. तुम्ही पोटात होतात तेव्हा तुमच्या आईचं वजन किती होतं, ती दिवसाला किती हंडे पाणी आणत होती, हे कोणी विचारत नाही.

बाळांची वजनं ज्यांनी लिहून ठेवली, त्यांच्यापासून सुरुवात करतो. लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशायर हा परगणा आहे. बोअर युद्धाच्या भरतीत इंग्रज सरकारला कळून चुकलं होतं की कामगार वस्त्यांतली तरणी पोरं खुरटलेली आहेत, सैन्याच्या कामाची नाहीत. पुढे १९११ साली एथेल मार्गारेट बर्नसाइड या बाईंची तिथं सुईणींवर देखरेख करण्यासाठी नेमणूक झाली. त्यांनी शिस्त घालून दिली. बाळंतपणाला गेलेल्या परिचारिकेनं बाळाचं वजन करायचं, वर्षभर त्या घरी जात राहायचं, बाळ वर्षाचं झालं की पुन्हा वजन. अंगावर पितं की बाटलीवर, दात किती आले, सगळं लिहायचं. या नोंदी मोठाल्या खतावण्यांत उतरवल्या जात. कोणत्या संशोधनासाठी हे चाललं होतं? कोणत्याच नाही. बाळं जगावीत एवढाच हेतू होता.

सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी त्या खतावण्या साउदॅम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांच्या हाती लागल्या. बार्कर आधीच एका कोड्यात पडले होते. हृदयविकार हा खाऊन-पिऊन सुखी असलेल्यांचा रोग, असं तेव्हा सगळे म्हणत. पण इंग्लंडमध्ये हृदयविकारानं जास्त मरत होते ते गरीब भागांतले लोक. १९८६ साली त्यांनी आणि क्लाइव्ह ऑसमंड यांनी दाखवलं की १९२१ ते १९२५ या काळात जिथं अर्भकं जास्त दगावली, त्याच भागांत १९६८ ते १९७८ या काळात हृदयविकाराचे मृत्यू जास्त झाले. म्हणजे ज्या परिस्थितीनं काही बाळं मारली, तिनं उरलेल्यांवरही काही खूण ठेवली होती का? हर्टफर्डशायरच्या ५६५४ पुरुषांच्या नोंदींतून १९८९ साली उत्तर आलं. जन्मताना आणि वर्षाचे असताना जे सर्वांत हलके होते, त्यांच्यात हृदयविकाराचे मृत्यू सर्वांत जास्त. वर्षाच्या वाढदिवशी १८ पौंड किंवा त्याहून कमी भरलेल्यांचा मृत्युदर, २७ पौंडांपुढे भरलेल्यांच्या अडीचपट होता.

यावर बराच गदारोळ झाला आणि तो व्हायलाच हवा होता. गरिबाघरी हलकं जन्मलेलं मूल पुढेही गरीबच राहतं, विडी-सिगारेट ओढतं, वाईट हवेत काम करतं. दोष गर्भातल्या दिवसांचा की नंतरच्या आयुष्याचा? शिवाय जन्मवजन आणि रक्तदाब यांचं नातं ताणून सांगू नये. जन्मवजन एका किलोनं कमी असेल तर मोठेपणी वरचा रक्तदाब दोनेक अंकांनी जास्त दिसतो, आणि खूप मोठ्या अभ्यासांत हा फरकही आक्रसतो. वजन ही बाहेरून दिसणारी खूण आहे. आत काय बांधलं गेलं आणि काय राहून गेलं, ते काट्यावर कळत नाही.

हे सर्वांत लख्ख दिसलं हॉलंडमध्ये, आणि ते एका क्रूर योगायोगानं. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या सप्टेंबरात, दोस्त राष्ट्रांच्या मदतीसाठी डच रेल्वे कामगारांनी संप केला, जर्मनांनी सूड म्हणून पश्चिम हॉलंडची अन्नवाहतूक तोडली, पुढे कालवे गोठले. ॲमस्टरडॅममधला रोजचा शिधा माणशी १००० कॅलरींच्या खाली गेला, काही महिने ४०० ते ८०० वर आला. गरीब-श्रीमंत सगळेच त्यात सापडले. मे १९४५ मध्ये सुटका झाली आणि अन्न पुन्हा भरपूर मिळू लागलं. उपासमारीला अशी नेमकी सुरुवात आणि नेमका शेवट क्वचितच असतो. त्यामुळे कोणत्या बाळाच्या वाट्याला गर्भातला कोणता महिना उपाशी आला, हे जन्मतारखेवरून सांगता येतं.

ही मुलं पन्नाशीला आली तेव्हा तेसा रोझबूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना तपासलं. ज्यांच्या आया शेवटच्या महिन्यांत उपाशी राहिल्या, ती बाळं जन्मतः हलकी होती. हे कोणीही सांगितलं असतं. पण ज्यांच्या आयांना पहिल्या महिन्यांत उपास घडला आणि नंतर पोटभर मिळालं, त्यांची बाळं जन्मताना चांगली भरलेली होती. काटा म्हणत होता, सगळं ठीक. आणि हृदयाच्या धमन्यांचा विकार सर्वांत जास्त निघाला तो यांच्यातच: ८.८ टक्के. गर्भात असताना दुष्काळ न लागलेल्यांत तो ३.२ टक्के होता. मधल्या महिन्यांत उपास घडलेल्यांत वेगळंच दिसलं. त्यांच्या लघवीतून प्रथिन झिरपण्याचं प्रमाण जास्त होतं, म्हणजे मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्या दुबळ्या.

मात्र लेनिनग्राडमध्ये चित्र असं जुळत नाही. त्याच युद्धातला वेढा तिथं ८७२ दिवस चालला आणि भूक हॉलंडपेक्षा कितीतरी भीषण होती. तरीही वेढ्यात गर्भात असलेल्यांमध्ये पुढे साखरेचा बिघाड जास्त आढळला नाही. धमन्यांचं अस्तर दुखावल्याच्या खुणा त्यांच्या रक्तात मात्र होत्या, आणि त्यांच्यातले जे मोठेपणी जाड झाले त्यांचा रक्तदाब अधिक चढला. दोन शहरांत फरक का? एक स्पष्टीकरण मला पटतं. हॉलंडमध्ये उपासानंतर सुबत्ता आली, लेनिनग्राडमध्ये तंगी पुढेही चालूच राहिली. गर्भानं टंचाईची तयारी केली आणि बाहेर टंचाईच मिळाली, तर निभावून जातं. हा मुद्दा आपल्या घरात येणार आहे, म्हणून ध्यानात ठेवा.

आता शरीरात शिरू. मूत्रपिंडात रक्त गाळणारे जे सूक्ष्म घटक असतात त्यांना नेफ्रॉन म्हणतात. एका मूत्रपिंडात सरासरी दहा लाखांच्या आसपास, पण माणसागणिक फरक अफाट. ते घडायला गर्भाच्या नवव्या आठवड्याच्या सुमारास सुरुवात होते आणि छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास काम संपतं. कायमचं संपतं, जन्मानंतर एकही नवा नेफ्रॉन तयार होत नाही. कमी घेऊन आलात तर आहेत त्यांच्यावर दाब जास्त, आणि हा ताण शेवटी रक्तदाबात दिसतो. बॅरी ब्रेनर यांनी हा विचार १९८० च्या दशकात मांडला. पुढे जर्मनीत अपघातात दगावलेल्या मध्यमवयीन माणसांची मूत्रपिंडं तपासली गेली. दहा जण उच्च रक्तदाबाचे, दहा त्यांच्याच वया-उंचीचे, रक्तदाब नसलेले. २००३ साली निकाल आला: पहिल्या गटात मूत्रपिंडामागे सुमारे सात लाख नेफ्रॉन, दुसऱ्यात सुमारे चौदा लाख. निम्मे! वीसच माणसं होती, मान्य. पण इतका ढळढळीत आकडा वैद्यकात रोज भेटत नाही.

दुसरी गोष्ट महाधमनीच्या भिंतीची. ती ताणली जाते आणि परत येते ती इलॅस्टिन नावाच्या प्रथिनाच्या जोरावर. हे बहुतांश गर्भाच्या शेवटच्या महिन्यांत आणि तान्हेपणी विणलं जातं. पुढे नवं फारसं बनत नाही आणि जुनं अनेक दशकं टिकतं. क्रिस्टोफर मार्टिन आणि स्टीफन ग्रीनवाल्ड यांनी १९९७ साली तर्क मांडला की गर्भात रक्तपुरवठा अपुरा पडला तर ही वीण विरळ राहते, भिंत लवकर ताठरते आणि ताठर भिंतीमागून रक्तदाब चढतो.

तिसरं, आतलं अस्तर. याची तपासणी तुम्हाला दाखवता आली असती तर मजा आली असती. मुलाला आडवं झोपवायचं. हाताला बीपीचा पट्टा बांधून रक्त अडेल इतका फुगवायचा आणि पाचेक मिनिटं तसाच ठेवायचा. मुंग्या येतात, पोरगं कुरकुरतं. कोपराच्या वर सोनोग्राफीची डबी धरून धमनीची रुंदी मोजत राहायची. पट्टा सोडला की रक्ताचा लोंढा येतो, अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि धमनी काही टक्क्यांनी रुंदावते. निरोगी अस्तराची ही ओळख. १९९७ साली ब्रिटनमध्ये नऊ ते अकरा वर्षांच्या ३३३ मुलांवर ही तपासणी झाली. जन्मतः हलक्या असलेल्यांच्या धमन्या कमी रुंदावल्या. त्या वयात ना सिगारेट, ना कचेरीचा ताण, ना पोट सुटलेलं.

हे सगळं होतं कसं? अपुरा पुरवठा होऊ लागला की गर्भ आहे ते रक्त मेंदूकडे वळवतो; यकृत, मूत्रपिंड, स्नायू यांना चिमटा बसतो. वारेत एक विकर (एन्झाइम) असतं, जे आईच्या रक्तातलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक निकामी करून बाळापर्यंत फारसं पोचू देत नाही. उंदरांच्या मादीला गर्भारपणी प्रथिन कमी दिलं की या विकराचा जोर घटतो आणि पिल्लांचा रक्तदाब वाढलेला निघतो. आणि प्रश्न फक्त कमी खाण्याचा नाही. नेपल्सच्या संशोधकांनी दाखवलंय की आईच्या रक्तात कोलेस्टेरॉल फार असेल तर जन्माला न आलेल्या गर्भाच्या महाधमनीतही चरबीच्या रेघा जास्त उमटतात.

हे सगळं गोऱ्यांच्या देशातलं झालं, असं कोणी म्हणेल. म्हणून म्हैसूरला चला. तिथल्या होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयात १९३४ पासूनच्या बाळंतपणांच्या नोंदी शाबूत होत्या. बाळाचं वजन, लांबी, डोक्याचा घेर, आणि आईचं वजनसुद्धा. कॅरोलाइन फॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या काळी जन्मलेली आणि अजून गावातच असलेली ५१७ माणसं गाठली. १९९६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: साडेपाच पौंड किंवा त्याहून कमी वजनाच्या बाळांपैकी ११ टक्क्यांना पुढे हृदयाच्या धमन्यांचा विकार; सात पौंडांपुढच्यांत ३ टक्के. आणि ज्यांचं स्वतःचं वजन कमी व आईचंही वजन गरोदरपणी ४५ किलोंच्या आत, त्यांच्यात २० टक्के. दर पाचांत एक. पंचेचाळीस किलोंची गरोदर बाई आपल्याकडे दुर्मीळ आहे का? आपल्या आजवरच्या पिढ्या बहुतेक तशाच आयांच्या पोटी आल्या आहेत.

आता अगदी घरात येऊ. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. त्यांनी गरोदर बायकांपासून सुरुवात केली नाही; लग्न झालेल्या, अजून दिवस न गेलेल्या बायकांपासून केली, हे त्याचं मोठेपण. त्या बायकांचं सरासरी वजन साधारण ४२ किलो. गरोदरपणातला आहार दिवसाला १८०० कॅलरींच्या आसपास, प्रथिन ४५ ग्रॅम. बाळं सरासरी २.७ किलोंची, तर साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोंची. नुसती लहान असती तर एक वेळ चाललं असतं. पण टेप आणि चिमटा लावून मोजल्यावर कळलं की पोटाचा घेर फार लहान, दंड बारीक, आणि पाठीवरची चरबी मात्र जवळजवळ शाबूत. पोटात असतं काय? यकृत आणि मूत्रपिंडं. म्हणजे जिथं नेफ्रॉन घडायचे तीच जागा कमी पडलेली. दिसायला हडकुळं, आतून चरबीचं, असं आपलं बाळ. अठराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीतच हा फरक दिसत होता. अठरावा आठवडा म्हणजे पाचवा महिना. आपलं डोहाळजेवण सातव्यात असतं.

आणि काय खाल्ल्यानं फरक पडला? एकूण कॅलरी आणि प्रथिन यांचा बाळाच्या आकाराशी तिथं फारसा संबंध दिसला नाही. पालेभाजी, फळं आणि दूध किती वेळा खाण्यात आलं, याचा दिसला. बऱ्याच बायकांत बी-१२ कमी होतं; ते कमी पडलं की रक्तातलं होमोसिस्टीन नावाचं द्रव्य वाढतं, आणि ज्या आयांत हे द्रव्य जास्त त्यांची बाळं लहान. त्यापुढचा, गरोदरपणी देतात त्या फॉलिक ॲसिडच्या गोळीचा भाग गुंतागुंतीचा आहे. बी-१२ कमी आणि फॉलेट जास्त अशा आयांची मुलं सहाव्या वर्षी इन्सुलिनला कमी दाद देत होती. म्हणून गोळी बंद करा असं मी म्हणत नाही, कृपया तसं घरी जाऊन सांगू नका. पण नुसती गोळी दिली की कर्तव्य संपलं, हे सरकारी समाधान फसवं आहे.

मग साहजिकच वाटतं, गरोदर बाईला चांगलं खायला घाला, प्रश्न मिटला. तसं करून पाहिलंय. नेपाळमध्ये गरोदरपणी अनेक सूक्ष्मपोषकांची गोळी दिली. अडीच वर्षांच्या मुलांचा रक्तदाब किंचित कमी दिसला, साडेआठाव्या वर्षी फरक पुसला गेला. अर्जेंटिनात आयांना कॅल्शियम दिलं तेव्हा सात वर्षांच्या मुलांचा, विशेषतः जाड मुलांचा, रक्तदाब थोडा कमी निघाला. गाम्बियात तसलंच काही केलं तर काहीच नाही. मुंबईत वांद्रे ते अंधेरीच्या वस्त्यांमध्ये २००६ पासून डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी साडेसहा हजार बायकांचे दोन गट करून एका गटाला रोज पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला सामोशासारखा पदार्थ दिला. दुसऱ्या गटाच्या पदार्थात बटाटा-कांदा. सगळ्या बायकांचा मिळून हिशोब केला तर बाळांच्या वजनात ठोस फरक नव्हता. दिवस जाण्याआधी निदान तीन महिने ज्यांनी हा पदार्थ खाल्ला, त्यांची बाळं ४८ ग्रॅमनी जड निघाली. आणि तोही लाभ फार किरकोळ अंगाच्या बायकांना झाला नाही. गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण मात्र चांगलंच घटलं, १२.४ वरून ७.३ टक्क्यांवर.

काही जण या निकालांवर नाक मुरडतात. मला त्यांतून सरळ अर्थ दिसतो: नऊ महिने उशिराचे आहेत. गर्भ आईच्या कालच्या जेवणावर वाढत नाही, तिच्या अंगी लागलेल्यावर वाढतो. तिच्या उंचीवर, हाडामासावर, रक्तावर. ते चौदाव्या-पंधराव्या वर्षी कमी पडलेलं असेल तर सातव्या महिन्यातल्या लाडवानं भरून निघत नाही. देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना रक्तक्षय आहे, आणि तो काही पाळी चुकल्यावर सुरू होत नाही. त्यात लग्न अठराव्याला, एकोणिसाव्या वर्षी पहिलं बाळ. म्हणजे आईचीच वाढ पुरती झालेली नसताना दोघांची ओढाताण.

आणि कृपा करून याचा ठपका आईवर ठेवू नका. या संशोधनाची बातमी वर्तमानपत्रात आली की मथळा असतो, आईच्या आहारामुळे मुलाला हृदयविकार. जणू ती हट्टानं उपाशी राहिली. सगळ्यांच्या मागून जेवायचं, उरलं तर भाजी, नाहीतर कालवणाच्या रश्शात भाकरी कुस्करायची. बाळ मोठं झालं तर अडेल म्हणून शेवटच्या महिन्यांत कमीच खा, असं सासूनं सांगायचं. यातला कोणता निर्णय तिचा होता?

उलट बाजूही बोलली पाहिजे. अडीच किलोंचं बाळ घरी आलं की आजी कंबर कसते. बाळसं धरलं पाहिजे, गुटगुटीत झालं पाहिजे. पहिल्या दोन वर्षांत भरपूर खाऊ घाला, त्याला कोणाची ना नाही. पण दिल्लीत १९६९ ते १९७२ या काळात जन्मलेल्या सुमारे पंधराशे जणांचा माग काढला तेव्हा दिसलं की तान्हेपणी हडकुळी असलेली आणि दोन ते बारा वर्षांत भराभर अंगानं भरत गेलेली मुलं तिशीच्या आसपास साखरेच्या आजाराला लागली. लठ्ठ झालीच होती असं नाही. इतरांच्या मानानं चढत गेली एवढंच. टंचाईसाठी घडलेल्या देहाला वडापाव, बिस्किटं आणि शाळेची रिक्षा मिळाली. लेनिनग्राडचं उलटं झालं.

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षिलेला. आहाराच्या हिशोबात आपण फक्त जमेची बाजू लिहितो. खर्चाची कोण लिहितो? पुण्याजवळच्या त्या सहा गावांत डॉ. शोभा राव आणि सहकाऱ्यांनी बायकांचं कामही मोजलं होतं. शेतात वाकून खुरपणं, पाणी आणणं, धुणं. ज्यांच्यावर कामाचं ओझं जास्त, त्यांची बाळं लहान. तेवढंच खाऊनही लहान. म्हणजे डोक्यावरचा हंडा उतरवणं हासुद्धा पोषण आहार झाला. आदिवासी भागात राज्य सरकार अमृत आहार योजनेतून गरोदर मातेला एक वेळचं गरम जेवण देतं. योजना चांगली आहे. पण तेच जेवण घ्यायला ती आठव्या महिन्यात दुपारच्या उन्हात अंगणवाडीपर्यंत चालत जाऊन परत येत असेल, तर त्यातलं किती बाळाच्या वाट्याला येतं, याचं उत्तर मला कोणी दिलेलं नाही.

कुठल्याशा ग्रामपंचायतीनं विचारलं की तुमच्या पोरांच्या हृदयासाठी आम्ही काय करावं, तर मी व्यायामशाळा सांगणार नाही. आठवी-नववीतल्या प्रत्येक मुलीचं दरवर्षी वजन, उंची आणि हिमोग्लोबिन बघा, आणि कमी निघेल तिच्या घरी जाऊन बोला. नव्या सुनेचं नाव आशाताईंच्या वहीत दिवस जाण्याआधी चढू द्या. आणि पाण्याचा नळ उंबऱ्याच्या आत आणा. निधी आरोग्याचा की पाणीपुरवठ्याचा, हा वाद तालुक्याच्या कचेरीत खुशाल घाला.